मोंबासाची कोळीण

चाळीच्या जिन्यात मी धावत उतरत होते आणि तो डालड्याचा डबा छातीशी धरून वर येत होता. धडक होता होता राहिली.

"सांभाळून! आत बाई आहे."

मी डोकावले... अगं आई गं! मातीतल्या बिळाच्या तोंडाशी तळहाताएवढी केसाळ कोळीण! हा मनमोहन, आमचा नवा शेजारी, परळच्या प्रयोगशाळेत कामाला. बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने त्याला ती मोंबासाहून आणून दिली होती.

तेव्हापासून मी रोज विचारी, "कोळीण कशी आहे?" गिरगावात तरुण मुलीने परक्या मुलाला 'तुम्ही कसे आहात' विचारायची सोय होती का! तोही लबाड. "जेवत नाही... तुमची वाट बघते," म्हणायचा.

छपन्नच्या जानेवारीत मुंबई पेटली. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहाला निघताना त्याने डबा माझ्या हाती दिला.

"माती ओलसर ठेवा, आठवड्याला एक झुरळ घाला. दोन दिवसांत येतो."

"आणि नाही आलात तर?"

"तर... झुरळं जास्त पकडावी लागतील."

मेल्याला मस्करी सुचत होती!

दोन दिवस गेले, पाच गेले. बाहेर कर्फ्यू, गोळीबार. रोज कुणीतरी बळी गेलेल्याचं नवं नाव घेऊन जिना चढे... त्याचं तर नाही ना? इकडे कोळिणीने जाळं विणून बिळाचं दारच बंद केलं. झुरळ तसंच पडून. माझ्या मनाने घेतलं होतं, हिचं बरं तोवर त्याचं बरं.

नवव्या दिवशी राहवेना. केसांतल्या आकड्याने जाळं सारलं. कोळीण उताणी, आठही पाय वर!

पोटभर रडले. कर्फ्यू सुटल्यावर डब्यात दोन शेवंतीची फुलं ठेवली आणि निघाले. आमच्याकडे निरोप द्यायचा तो चौपाटीवरच.

जिन्याच्या वळणावर पुन्हा धडक होता होता राहिली. डोक्याला पट्टी, दाढी वाढलेली... मनमोहन! पोलिसांनी सकाळीच सोडलं होतं.

"कुठे निघालात?"

"वि... विसर्जनाला. गेली हो ती, माझ्या हातून!"

त्याने डब्यात पाहिलं. "हलवू नका! कात टाकतेय ती. उताणी पडूनच टाकते."

आम्ही पायरीवर बसलो, डबा मध्ये ठेवून. कितीतरी वेळ काहीच नाही. मग एक पाय हळूच हलला.

"डोळे सुजलेत तुमचे. हिच्यासाठी रडलात?"

"हिच्यासाठी कशाला रडू?" मी भडकलेच. "दोन दिवस सांगून गेला होतास तू!"

डब्यातलं एक फूल उचलून त्याने माझ्या हातात ठेवलं.

"नलू... आता विचार ना, मी कसा आहे ते."