दाराशी ठेवलेले बूट

शिवणबाईंना सामान घरपोच मागवायची सवय लागली ती नाइलाजाने. बसथांबा लांब, गाडी कधी घेतलीच नाही, आणि मशीनचं पायडल मारून मारून गुडघे केव्हाच कामातून गेलेले. वस्तीच्या टोकाचं हे दोन खोल्यांचं घर त्यांनी आयुष्यभर लोकांचे कपडे शिवून उभं केलं होतं. ते सोडून भावाच्या घरी त्याच्या मर्जीने राहायला त्या मुळीच तयार नव्हत्या.

"राहा बाई, पण एकटी आहेस हे दारात येणाऱ्याला कळू देऊ नकोस," भाऊ म्हणाला होता. "आणि काही वेडंवाकडं झालं तर मी ऐकणार नाही. घराला कुलूप, आणि तू माझ्याकडे."

मग त्यांनी जुन्या बाजारातून पुरुषाचे काळे बूट आणले आणि दाराशी ठेवले. डाव्या बुटाचं टोक घासून घासून पांढरं पडलं होतं, पण दुरून कोणाला दिसतंय? दुकानाचा माणूस पिशव्या घेऊन आला की त्या मागच्या खोलीकडे वळून हाक मारायच्या, "अहो, ऐकलंत का? सामान आलं." दार लावलं की स्वतःशीच हसायच्या. कधी न थाटलेला संसार असा उंबरठ्यावर घटकाभर चालायचा. खरं सांगायचं तर त्यांना त्याची गोडी लागली होती.

एका दुपारी गुडघ्याची गोळी घेऊन त्या आडव्या झाल्या आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा बाहेर आभाळ दाटून आलेलं. घरात ओल्या चामड्याचा कुबट वास भरला होता. स्वयंपाकाच्या ओट्यावर सामानाच्या पिशव्या ओळीने मांडलेल्या होत्या. दाराची कडी मात्र आतून लावलेलीच होती.

त्यांनी दुकानाच्या माणसाला फोन लावला.

"साहेबांनी घेतलं की, ताई," तो म्हणाला. "मला म्हणाले, हळू बोला, ती झोपलीय."

"कोण... कोण साहेब?"

"अहो, तुमचेच. पाय दुखावलाय का त्यांचा? डावा पाय ओढत होते."

बाईंनी फोन ठेवला. भावाचा नंबर लावायला त्यांनी बोट उचललं आणि तसंच खाली घेतलं. एक शब्द सांगितला की उद्या दाराला कुलूप. त्यांनी जुन्या कापडात बूट गुंडाळले, भिंती धरत कोपऱ्यावरच्या कचराकुंडीपर्यंत गेल्या आणि आत टाकून आल्या. बूट आतून उबदार लागले होते. उन्हात होते म्हणून असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. दाराशी दिवसभर सावलीच असायची.

पुढच्या खेपेला दुकानाचा माणूस आला तेव्हा त्यांनी हाक मारली नाही. त्यांचं ठरलं होतं. सोंग संपवलं की सगळंच संपेल, अशी त्यांची समजूत होती.

"हे बघ, दादा," त्या म्हणाल्या, "तुला खोटं सांगितलं मी. माझं लग्नच झालेलं नाही. या घरात मी एकटी राहते. दुसरं कोणी नाही."

तो काही बोलायला गेला, पण त्याची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली आणि तो ओशाळला.

"असं त्यांच्यासमोर नका बोलू, ताई," तो हळूच म्हणाला. "भांडणं सगळ्यांचीच होतात."

पिशव्या ठेवून तो घाईने उतरला. बाई दारातच उभ्या राहिल्या. मागे वळायची हिंमत होईना. गाडी सुरू झाली, लांब गेली, रस्ता शांत झाला.

मग मागच्या खोलीतून फरशीवर एक अनवाणी पाऊल वाजलं. त्यामागून दुसरं... घासत, ओढत. चामड्याचा वास मानेपाशी आला. बाईंच्या हाताजवळून एक हात पुढे झाला आणि त्याने दार लोटून कडी सावकाश लावली.

"आज हाक नाही मारलीस?"