पुढे कोण, मागे कोण

सकाळी तिने नुकतंच आपलं चष्म्याचं दुकान उघडलं होतं. एवढ्यात एक उंच माणूस एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात मोडका चष्मा घेऊन आत आला आणि भिंतीवरच्या आरशाला म्हणाला, "हा दुरुस्त होईल का हो?"

"मी इकडे आहे," ती म्हणाली.

तो वळला. कानापर्यंत लाल झाला. बाहीला पीठ लागलेलं... म्हणजे चौकातल्या नव्या बेकरीचा मालक तो हाच तर.

"हेल्मेट चष्म्यावरूनच चढवलंत ना?" तिने विचारलं. "आधी हेल्मेट, मग चष्मा. आणि काड्या सरळ हव्यात. मी माझ्या तशाच करून घेतल्यात."

"तुम्हीही हेल्मेट घालता? म्हणजे दारातलं ते लाल, धूसर काहीतरी—"

"मोटरसायकल आहे ती. माझी."

काडी बसेपर्यंत कळलं, की दोघंही दरवर्षी घाटातल्या मोठ्या रॅलीला जातात. ती सगळ्यांत पुढच्या टोळीत. तो सगळ्यांत शेवटी, आजोबांच्या जुन्या, खोकणाऱ्या गाडीवर.

"म्हणजे इतकी वर्षं मी तुमचीच धूळ खात होतो?"

"चव कशी होती?" ती हसली आणि चष्मा त्याच्या नाकावर ठेवून कानामागे बोटाने अंदाज घेऊ लागली. "हलू नका. आता दिसतंय?"

"हो..." तो तिच्याकडेच पाहत होता. "आता फारच स्पष्ट दिसतंय."

गल्ल्यावर बसलेली तिची आत्या खोकली.

त्यानंतर त्या चष्म्याचे स्क्रू सारखे ढिले व्हायला लागले. "चष्म्याचेच होतायत ना गं?" आत्या गालातल्या गालात हसत विचारायची. रविवारी सकाळी दोन गाड्या बरोबर निघू लागल्या – लाल गाडी पुढे जाऊन वळणावर थांबायची, जुनी गाडी खोकत तिला गाठायची, आणि मग दोघं गरम पाव खात तासभर बोलायचे.

अशाच एका वळणावर तो म्हणाला, "या वर्षी एक वेगळी रॅली आहे. तळ्याकाठची. लहानशीच."

"कधी?"

"आपल्या घाटाच्या रॅलीच्याच दिवशी." त्याने पावाचा तुकडा उगाच कुस्करला. "आणि... तिथे फक्त जोड्यांना घेतात. एक गाडी, दोन माणसं. आळीपाळीने चालवायची."

पुढच्या टोळीत सगळ्यांत पुढे असायचा मान तिने हट्टाने मिळवला होता. एक वर्ष चुकलं, की तिथे दुसरं कोणी येणार. पण खरी अडचण ती नव्हती.

"मी डबलसीट बसत नाही," ती म्हणाली. "माझी आई आयुष्यभर बाबांच्या मागे बसली. म्हणायची, मी सगळे डोंगर तुझ्या बाबांच्या डाव्या खांद्यावरून पाहिले. मी तेव्हाच ठरवलं, आपण पुढेच बसायचं."

"मग नको," तो लगेच म्हणाला. "घाटातच जाऊ. मी खाईन धूळ."

त्याने वाद घातला असता, तर तिने ठाम नकार दिला असता. आता मात्र तिला चैन पडेना. आईला त्या खांद्यावरून नेमकं काय दिसत असेल? मागे बसून नुसतंच बघत राहणं कसं असतं? चार दिवस गिऱ्हाइकांचे नंबर तपासतानाही तिच्या डोक्यात तेच.

पुढच्या रविवारी तिने आपली गाडी घरीच ठेवली आणि ती चालत बेकरीसमोर येऊन उभी राहिली. "एकदा बसून बघते. फक्त बघते हं."

पहिल्याच वळणावर तिचा पाय नसलेला ब्रेक शोधू लागला. "अरे, हळू! वळण आहे!"

"दिसतंय मला. चष्मा चांगला केलाय कोणीतरी!"

आपण त्याला 'अरे' म्हटलं, हे तिच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. तोवर तिने खांदे सैल सोडले होते. रस्त्यावर नजर ठेवायची नव्हती, म्हणून ती आजूबाजूला पाहत होती. याच रस्त्याने ती शंभरदा गेली असेल. पण खिडकीत आरशासमोर नाचणाऱ्या आजीबाई, भिंतीवर ओळीने वाळत घातलेले बूट, झाडांमागून डोकावणारी नदी – यातलं काहीच तिने कधी पाहिलं नव्हतं. शिवाय तो गाडी चालवताना गुणगुणतो, हेही आजच कळलं. सूर साफ चुकीचा होता.

परतताना तिने हँडल घेतलं आणि जरा वेगातच गाडी हाणली.

"घाबरलास?"

"खूप," हेल्मेटमधून आवाज आला. "पण थांबू नकोस."

दुसऱ्या दिवशी ती भर गर्दीच्या वेळी बेकरीत शिरली. तो पीठ मळत होता, समोर गिऱ्हाइकं उभी. तिने तिथेच रॅलीवाल्यांना फोन लावला.

"हो, दोघं. एकच गाडी. पुढे कोण, मागे कोण? आळीपाळीने, तसंच आहे ना तुमचं? ...काय? एकमेकांचे कोण?"

तिने फोनवर हात ठेवला. "ते विचारतायत... आपण एकमेकांचे कोण. काय सांगू?"

मळणारे हात थांबले. गिऱ्हाइकांनी सुटे पैसे शोधायचं सोडून दिलं.

"सांग..." तो लाल होत म्हणाला, पण नजर मात्र तिच्यावरून हलली नाही. "सांग, की प्रेम आहे. माझ्याकडून तरी नक्की आहे. तुझ्याकडचं तू सांग."

तिने फोन पुन्हा कानाला लावला.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "प्रेम आहे. दोन्हीकडून."