समोरचा वारा

सायकलच्या दुकानात ती एक टायर उजेडाकडे धरून निरखत होती. मागून कुणीतरी विचारलं, "लांबच्या प्रवासाला कुठलं टिकेल हो?"

तिनं रुंदीपासून ओझ्यापर्यंत सगळं नीट समजावलं. त्यानं मन लावून ऐकलं आणि पाकीट काढलं.

"मी इथं काम करत नाही," ती म्हणाली.

"अरेच्चा... म्हणजे ज्ञान फुकटात पडलं."

तो दातांचा डॉक्टर, ती हवामान खात्यात. परदेशात सायकलवरून भटकायचं वेड दोघांनाही, आणि आजवर दोघंही एकेकटेच भटकलेले. मग रविवारी बरोबर निघू लागले. वाटेत कुणाची चेन निसटलेली दिसली की तो न बोलता थांबे, हात काळे करून घेई आणि वर त्याच माणसाचे आभार मानून निघे. ते तिला फार आवडे. तिची मावशी तर मुद्दाम त्याच्याकडे दाढ दाखवून आली. "दाढ ठणठणीत आहे, मुलगाही," असं तिनं घरी जाहीर केलं.

यंदा जायचं ते बरोबर, पण कुठं? एकमत झालं नाही तर पूर्वीसारखं आपापल्या वाटेनं, असं तिनंच ऐटीत म्हणून ठेवलं होतं. आता त्याचाच घोर लागला होता.

मावशीच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून तिनं समुद्रकाठचा सपाट देश दाखवला. ते निघणार त्या दिवसांत तिथं सगळ्या वाटेवर वारा पाठीशी असतो. वरच्या पठारावर मात्र तोंडावरच येतो, हेही तिनं सांगितलं.

त्यानं नकाशा आपल्याकडे वळवून घेतला. मग त्यानं पठारावर बोट ठेवलं.

ती नकाशाची घडी घालू लागली.

"एकट्यानं जायचं असेल तर... तसं सांगा. मला वाईट नाही वाटणार." खोटं बोलायची सवय नव्हती, वाक्य मध्येच अडखळलं.

"पाठीवर वारा असला की तुम्ही सुसाट निघता," तो हळूच म्हणाला. "मला नुसता ठिपका दिसतो. वारा समोरून असला की एकानं तो अंगावर घ्यायचा, दुसऱ्यानं चाकामागे चाक लावून आडोशाला राहायचं. मग पाळी बदलायची. त्या रविवारी पुलावर समोरून वारा सुटला तेव्हा तुम्ही पुढे होतात... एवढी लहानखुरी पाठ, पण हलली नाही. इतकं निर्धास्त मला कधीच वाटलं नव्हतं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकाएकी थांबला.

"दिवस जास्त लागतील," ती म्हणाली. गाल तापल्याचं तिला कळत होतं.

"म्हणूनच तर म्हणतोय."

तिनं घडी पुन्हा उलगडली, पठारावरून हात फिरवून नकाशा सपाट केला. "पहिली पाळी माझी."

"आणि... परत आल्यावर?"

तिनं मान वर करून त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"परत आल्यावरही," ती म्हणाली, "आळीपाळीनं."