मुलींची पेटी

सकाळी आठला एरंडोलहून फोन आला, तेव्हा मेघा पाटील जळगावात पहिला चहा घेत होती.

"मॅडम, तुमची पेटी फोडली. चिठ्ठ्या जाळल्या. चोर सापडलाय, तरी तुम्ही या," मुख्याध्यापक शालिग्राम सर म्हणाले.

मेघा शाळाशाळांत तंबाखूविरोधी कार्यक्रम घ्यायची. आदल्या दिवशी या शाळेत तिने दोन पेट्या ठेवल्या होत्या, एक मुलांची, एक मुलींची. प्रश्न एकच होता: तंबाखू तुला पहिल्यांदा कोणी दिली? विडी, सिगारेट, गुटखा, मशेरी, सगळी तंबाखूच, हे तिने चारचारदा सांगितलं होतं. चिठ्ठ्या गुप्त राहतील असा शब्दही दिला होता. त्या शब्दाची राख झाली होती आणि तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

ती एरंडोलला पोचली तेव्हा शालिग्राम सरांचा तपास मात्र कधीच उरकला होता. दहावीचा रोनक साडेसातला शौचालयामागे सापडला, राखेपाशी, खिशात लायटर. महिन्यापूर्वी तो सिगारेट ओढताना पकडला गेला होताच. दुपारी त्याच्या हातात दाखला द्यायचा, असं सरांनी ठरवलं होतं. बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर होती. कार्यालयात बसलेले त्याचे आजोबा अमृतलाल नुसते टोपी कुरवाळत होते.

"तिथे कशाला गेलास?" मेघाने विचारलं.

"लायटर फेकायला. मी सोडली मॅडम. खरंच."

सर हसले. मेघाला त्या हसण्याचा राग आला.

तिने पेट्यांची जागा पाहिली. फक्त मुलींची पेटी फुटली होती. मुलांची शेजारी जशीच्या तशी, कुलपासकट. दोन्हींवर ठळक अक्षरांत 'मुले', 'मुली' असं लिहिलेलं होतं. फुटलेल्या झाकणाच्या आतल्या बाजूला बोटाचा काळा ठसा होता. तिने वास घेतला. जळकी तंबाखू.

"सिगारेटचाच वास," सर म्हणाले.

"मग थोटूक कुठंय?"

तेवढ्यात पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या बेबाबाई चहा घेऊन आल्या. चौदा वर्षं त्या शाळेत होत्या. चहा त्यांनी उजव्या हाताने दिला. डाव्या हाताची तर्जनी टोकाला काळी होती.

मेघा त्यांच्यामागून स्वयंपाकघरात गेली आणि शाळेत किती वाजता आलात, असं विचारलं. बाई म्हणाल्या, सातला. दातदुखीवर बायका मशेरी लावतात, हे मेघाला माहीत होतं.

"दात दुखला की मुली तुमच्याकडे येतात ना, अक्का?"

बाईंनी हातातला झारा बाजूला ठेवला.

"पोरीस्ना दात दुखेत तं मीच मशेरी दिनी. ती तंबाखू शे, हाई माले काल समजनं. बठ्ठ्या पोरी मनं नाव लिखतीन, नोकरी जाई, असं वाटनं."

सगळ्या मुली आपलंच नाव लिहितील या भीतीने बाईंनी पेटी फोडली, हे मेघाने कार्यालयात उलगडून सांगितलं. "रोनकला स्वतःचं नाव लपवायचं असतं, किंवा त्याला सिगारेट देणाऱ्याचं, तर त्याने मुलांची पेटी फोडली असती. मुलींच्या चिठ्ठ्यांची भीती त्यांना तंबाखू देणाऱ्यालाच. वास जळक्या तंबाखूचा, पण थोटूक नाही, म्हणजे मशेरी, भाजून काळी केलेली तंबाखू. ती बोटाने दातांना लावतात. ते बोट झाकणावर उमटलं."

सरांनी दाखला फाडला. अमृतलालांनी नातवाचा हात धरला तो सोडलाच नाही.

मेघाने सगळ्या मुलींना एका वर्गात जमवलं. नावं नकोत, म्हणाली, मशेरीबद्दल कोणी लिहिलं असेल तर फक्त हात वर करा. एकही हात वर झाला नाही.

"ते तर औषध आहे ना, मॅडम?" विधी नावाची मुलगी म्हणाली.

दारात उभ्या बेबाबाईंनी ते ऐकलं. म्हणजे त्यांचं नाव कोणीच लिहिलं नव्हतं. काहीही जाळायची गरज नव्हती. कालचा तासभराचा कार्यक्रम अख्ख्या शाळेत त्यांना एकट्यांना कळला होता. मेघाला स्वतःचीच लाज वाटली.

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्या फळ्यापाशी आल्या.

"सरका मॅडम. आते मी सांगस पोरीस्ले."