कोकिळाबाईंचा ‘ळ’

कोकिळाबाईंच्या डोक्यात कुऱ्हाडीचे तीन घाव होते. फळ्यावर, वह्यांवर, भिंतीवर रक्तच रक्त. सिंदी मेघे गावात बाई शुद्ध उच्चारांची शिकवणी घ्यायच्या. टेबलावरचा रेकॉर्डर मात्र चालूच राहिला होता.

फौजदार समीक्षा उईकेनं ठाण्यात तो पुन्हा लावला. तोंडाला फडकं बांधल्यासारख्या दबक्या आवाजात कुणीतरी म्हणत होता, "आता उपाळ नाही, बाई." मग घाव. मग किंकाळी. समीक्षानं रेकॉर्डर बंद केला.

कुऱ्हाड अंगणातली, बाईंकडे लाकडं फोडणाऱ्या जंगलूची. लोकांनी त्याला लाथांनी तुडवत ठाण्यात आणून टाकलं होतं. आता काठ्या घेऊन ते बाहेरच उभे होते. जंगलू पुन्हा त्यांच्या हाती लागला असता तर संपलाच असता.

"कुऱ्हाड तुझीच?"

"माहीच. पन कोकियाबाईले मी काऊन मारीन?" त्याचा ओठ फाटला होता.

बाईंचे घरमालक हिरालाल शेटजी हात जोडून म्हणाले, "कोकिलाबाई तो देवी होत्या. मी दुकानात होतो, विचारा कोणालाही."

तिसरा योगेंद्र. नाचणगावचा, बाईंचा विद्यार्थी, निवेदकाच्या परीक्षेला बसणारा. कडक इस्त्री आणि त्याहून कडक मराठी.

"बाईंशी भांडण?"

"कोकिळाबाईंशी? छे! पहाटे उठून उच्चार घोकायची सवळ त्यांनीच लावली मला."

"काल संध्याकाळी कुठं होतास?"

"खोलीवर. एकटाच."

हवालदार नागेश कंटाळला. "मॅडम, जंगलूलेच आत टाका. खुनी शुद्ध बोललाच नाई. 'उपाळ' म्हने!"

"शुद्ध नाही, अतिशुद्ध बोलला," समीक्षा म्हणाली. "'ळ' जगातल्या थोड्याच भाषांत आहे. तमिळमध्ये आहे, राजस्थानीत आहे, पार नॉर्वेतही ऐकू येतो. हिंदीत नाही, म्हणून शेटजी 'कोकिला' म्हणतात. आपल्या वऱ्हाडीत त्याचा 'य' होतो, म्हणून जंगलू 'कोकिया' म्हणतो. दोघांच्याही तोंडी 'ळ' येतच नाही. मग 'उपाय'चा 'उपाळ' कोण करेल? आपलं वऱ्हाडी लपवायला नको त्या 'य'चाही 'ळ' करणारा. 'सवय'ला 'सवळ' म्हणणारा. काय योगेंद्र?"

योगेंद्रची इस्त्री एका क्षणात उतरली. "साऱ्या पोरायसमोर हसली ते! म्हने, तुले निवेदक होनं जमत नाई!"

त्यानं स्टूल उचलून समीक्षाच्या डोक्याच्या दिशेनं हाणलं. तिनं वार खांद्यावर झेलला आणि त्याचा हात असा पिरगाळला की हाड कडकन वाजलं.

खांदा धरून ती दारात गेली. "जंगलू निर्दोष आहे. खून योगेंद्रनं केलाय."

काठ्या खाली आल्या. तिला वाटलं, संपलं एकदाचं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "मंग त्याले द्या बाहीर!" काठ्या पुन्हा उठल्या, एक दगड खिडकीवर येऊन फुटला. नागेश मागं सरकला.

जंगलूच लंगडत पुढं आला. त्यानं समीक्षाला आत ओढलं, दार लोटलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

"कोनालेच नोका देऊ, मॅडम," तो म्हणाला. "मार कसा लागते, मले मालूम हाय."