सांधलेली भिंत

विमा कंपनीचा सर्वेक्षक अनिरुद्ध केळुसकर दमयंती थोरवेच्या घरी पोहोचला, तोवर भूकंपाला आठवडा उलटला होता आणि दाखवायला भेगच उरली नव्हती.

त्याने भेगमापक भिंतीवरून, खांबावरून खालीवर फिरवला. यंत्राचा पडदा कोराच राहिला. कोपऱ्यातल्या खांबाला बोटभर रुंद फट पडली होती, असं दमयंती शपथेवर सांगत होती, फोटो दाखवत होती. पण कंपनीचा विश्वास फक्त भेगमापकावर.

कोयनाकाठचं हे नवं गाव सगळं स्वयंसांधी काँक्रीटचं. त्यात सूक्ष्मजीव झोपलेले असतात, त्यांना सांधजीव म्हणतात. भेगेतून पाणी शिरलं की ते जागे होतात, सोबत पेरलेला खुराक खातात आणि चुना टाकून भेग बुजवतात. आता आपल्याकडे भिंतीला पाणी मारायची सवय हाडीमाशी मुरलेली. दमयंतीनेही सकाळ-संध्याकाळ पाइप धरला होता. भेग बुजली आणि दावाही बुडाला. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला म्हणायचा.

घर राहण्याजोगं आहे, असा निर्वाळा अनिरुद्धने दिला. म्हणजे भरपाई नाही, दुसऱ्या घराचं भाडंही नाही. दमयंतीला संताप आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. खांबातून अधूनमधून बारीक करकर ऐकू येत होती. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना या छपराखाली परत आणायचा तिला धीर होत नव्हता.

सांधजीव घडवणाऱ्या डॉ. फरीदा मुजावर पाहणीसाठी गावातच आल्या होत्या. दमयंती त्यांना अक्षरशः हाताला धरून घेऊन आली. त्यांनी आधी खांबाचं कौतुक केलं, मग फोटोतली फट पाहिली आणि तिची रुंदी बोटाने मोजली.

"एवढा खुराक आम्ही घातलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "तो केसाएवढ्या भेगांपुरता होता."

"मग एवढा चुना आला कुठून?" अनिरुद्धने विचारलं.

"खांबातूनच. खुराक संपल्यावर ते मरायला हवे होते. पाणी मिळत राहिलं म्हणून जगले, आणि आजूबाजूचा चुना विरघळवून भेगेत आणून ठेवत राहिले."

त्यांनी ड्रिल लावलं. सांधलेल्या जागी ते जेमतेम शिरलं. वीतभर बाजूला मात्र सरळ आत गेलं आणि भुकटी गळू लागली. तिघंही घाईने अंगणात आले.

अनिरुद्ध माणूस सरळ होता. त्याने उभ्या उभ्याच अहवाल बदलून पूर्ण भरपाईची शिफारस केली. दमयंतीचा जीव भांड्यात पडला. त्याचा चेहरा मात्र उतरला होता.

"मॅडम, ज्या घरांना पाणी मारलंच नाही, ज्यांच्या भेगा अजून उघड्या आहेत, त्यांचं काय?"

"ती बरी. तडा दिसतो, पण खांब शाबूत आहेत. मोठी भेग आणि भरपूर पाणी, तिथे धोका."

त्याने सकाळपासून नेमकं उलटं केलं होतं. उघड्या भेगांची घरं रिकामी करवून त्याने माणसं गावच्या सभागृहात हलवली होती, कारण तिथल्या भिंती सर्वांत गुळगुळीत होत्या. भूकंपात त्या सभागृहाची मागची बाजू वरपासून खालपर्यंत चिरली होती, आणि गावच्या तरुण मंडळाने टँकर लावून ती सांधून घेतली होती.

सासूबाईंना आपल्या घराचा धोका नको, म्हणून दमयंतीने त्यांनाही तिथेच नेऊन झोपवलं होतं.

ती अनवाणीच धावत सुटली. वळणावरून सभागृह दिसलं, तेव्हा मंडळाचे कार्यकर्ते मोठ्या हौसेने भिंतीवर पाइप धरून उभे होते.