पाव फेरा

हेमाची सायकल शनिवार पेठेतल्या खड्ड्यात आदळली, तेव्हा मागून आलेल्या सायकलवाल्याने आधी चाकाची चौकशी केली.

"आऊट आलाय. डुगडुगतंय बघा," तो म्हणाला. "आणि... तुम्हाला लागलं का?"

"क्रम आवडला," हेमा गुडघा झाडत म्हणाली.

चाक घरच्या घरी सरळ करता येतं, असं या साईनाथचं ठाम मत होतं. हेमा शाळेत गणित शिकवायची. ठाम मतं तपासून बघायची तिला खोड. रविवारी सकाळी ती त्याच्या गॅलरीत हजर झाली. त्याच्या आईने चहा दिला आणि दार उघडंच ठेवलं.

सायकल उलटी करून साईनाथने रिमजवळ खडू धरला. चाक फिरलं. जिथे बाहेर आलं होतं, तिथे पांढरी रेघ उमटली.

"आता समोरच्या बाजूची तार कसायची. ही चावी. पाव फेरा फक्त."

"जास्त झाला तर?"

"चाक रुसतं. दुसरीकडेच जातं."

तिच्या बोटांवर त्याची बोटं आली — चावीपुरती, असं दोघांनीही मानलं.

दुपारपर्यंत चाक सरळ झालं. साईनाथने चावी तिलाच देऊन टाकली. म्हणजे पुढच्या रविवारी यायला काही कारणच उरलं नाही. मग हेमा दर शनिवारी त्याच चावीने तीन तारा ढिल्या करू लागली.

पाचव्या रविवारी साईनाथ खाली बघत म्हणाला, "बाई, तिन्ही तारा बरोबर एकेक फेरा ढिल्या आहेत. आपल्याकडचे खड्डे इतके शिस्तीचे नाहीत."

हेमाचे कान तापले. तिने चाक एकटीने सरळ केलं. खडू लागलाच नाही. उत्तर बरोबर आल्याचं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं.

निघताना भिंतीला टेकलेल्या त्याच्या सायकलचं चाक तिने सहज फिरवलं. ते चांगलंच डुगडुगलं. तिने एकेक तार बोटाने छेडली. तीन भद्द वाजल्या.

"खड्डा?"

"येरवड्याला," तो कुंडीकडे बघत म्हणाला. "मोठा होता."

"येरवड्याला कधी गेला होतात?"

"...गेलोच नाही."

हेमाने ओढणी खोचली आणि पुन्हा खाली बसली.

"खडू धरा," ती म्हणाली. "आणि हे एका रविवारचं काम नाही, सांगून ठेवते."

"नसावंच," साईनाथ म्हणाला.